पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि घरात सगळीकडे कूट

आपल्याकडे शेंगदाणा दिसतच नाही हा खरा घोळ आहे. अख्खा दाणा कोणीही बाजूला काढेल पण कूट कसं काढणार, ते खमंग काकडीत असतं, भरल्या वांग्यात असतं, रस्सा दाट करायला असतं, आणि विचारलं तर काकू अगदी मनापासून सांगते "नाही गं, दाणे नाहीयेत यात". म्हणून मी आता थेट विचारते, कूट घातलंय का आणि फोडणी कुठल्या तेलाची. तेलाचं अशासाठी की अ‍ॅलर्जी प्रोटीनची असते, रिफाइंड शेंगदाणा तेलात ते जवळपास उरत नाही पण लाकडी घाण्याच्या तेलात राहतं.

आमच्या लेकीचं एकादशीच्या खिचडीवर कळलं. दीड वर्षाची होती, दोन घास खाल्ले आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या. घरात सगळे म्हणे पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. लावलं पण!

तर असं काही झालं की पहिलं घड्याळ बघा. अशी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. गांध्यांचा फोटो काढा, काय खाल्लं ते लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचाच जास्त उपयोग होतो. दूध प्यायल्यावर नुसते गॅस, जुलाब होत असतील तर ते लॅक्टोजचंही (दुधातली साखर न पचणं) असू शकतं, तो वेगळा विषय. आणि स्वतःच जाऊन शंभर पदार्थांचं पॅनेल (एकदम सगळ्यांची अ‍ॅलर्जी टेस्ट) करू नका प्लीज, टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं, उगाच पोराचं अर्धं जेवण बंद होतं.

आता महत्त्वाचं. नुसत्या गांध्या असतील तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं सिरप चालतं. पण आवाज बसला, घरघर, सारखा खोकला, उलट्यांवर उलट्या, पोर एकदम मलूल, यातलं काही दिसलं तर सिरप देऊन वाट बघत बसायचं नाही, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन (जोरदार अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं औषध) मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं आणि १०८ ला फोन. आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच कारण काही तासांनी तोच त्रास परत होऊ शकतो. अ‍ॅड्रेनालिनचं आधीच भरलेलं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी अँप्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी), सिरिंज आणि वजनाप्रमाणे डोस लिहून दिलाय, भरायलाही शिकवलंय. आजीलासुद्धा येतं आता.

घरात कुटाचं मिक्सरचं भांडं वेगळंच ठेवा. पाकिटावर शेंगदाणा लिहिणं बंधनकारक आहे, पण सुट्या फरसाणाला कुठलं आलंय लेबल. शाळेत संक्रांतीच्या आधी टीचरना सांगा, तिळगुळात दाणे असतातच.

दुसरं बाळ असेल तर मात्र घाबरून दाणे लांबवू नका. २०१५ च्या लंडनच्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या ज्या बाळांना ४ ते ११ महिन्यांत सुरू करून पुढे नियमित शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी खूपच कमी निघाली. बाळाला जोरदार एक्झिमा (कोरडी, खाजरी, लाल त्वचा) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि द्यायचं ते बारीक कूट पातळ करून, अख्खा दाणा घशात अडकतो.