टू-व्हील ड्राइव्ह पिकअपची (इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना) फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना) करायचीय? आधी हे वाचा

पहिलं म्हणजे सुटे पार्ट गोळा करत बसू नका, त्याच मॉडेलची ठोकलेली फोर-व्हील गाडी भंगारात बघा, कारण गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणारा डबा), पुढचा अ‍ॅक्सल, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट (ती ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारे फिरते दांडे) आणि लिव्हर सगळं एकाच गाडीतलं लागतं. नुसता ट्रान्सफर केस आणला तर टू-व्हीलच्या गिअरबॉक्सला तो बहुतेक वेळा बसतच नाही.

मग अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो ते. इथंच लोक फसतात! गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना ओट लावा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, ते बरोबर २ फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा, ४.१ फिरला तर रेशो ४.१. पुढच्या अ‍ॅक्सलचा पण हाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हील टाकली की ट्रान्सफर केसची वाट लागली समजा.

मागचा शाफ्ट आता लांब पडतो, भंगारातल्या गाडीचा बसला नाही तर लेथवाल्याकडून कापून बॅलन्स करून घ्या, घरी वेल्डिंग मारू नका. पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगवेगळं वर-खाली होणारं) असेल तर काम दुप्पट, मी तरी नादाला लागणार नाही.

फोर-व्हीलची ट्रायल चिखलात नाहीतर मातीत घ्या, कोरड्या डांबरावर नको. आणि हो, आरटीओची परवानगी कामाआधी!