शेवटच्या गुलाबांना घाई चालत नाही: थंडीआधीच्या या चुका टाळा

आधीच एक खुलासा. जिथे हिवाळ्यात पाणी गोठत नाही, तिथे गुलाबाचा खरा बहर थंडीतच असतो. त्या बागांसाठी हा लेख नाही. हा लेख आहे तिथल्या बागांसाठी, जिथे एका रात्री दव गोठतं आणि सकाळी सगळी फुलं तपकिरी होऊन माना टाकतात.

त्या रात्रीआधीचे पाच-सहा आठवडे मला वर्षातले सगळ्यात सुंदर वाटतात. फुलं मोजकीच असतात, पण एकेक बघत राहावं असं. भर उन्हाळ्यात दोन दिवसांत उमलून झडणारं फूल आता आठवडाभर झाडावर टिकतं, कारण गारव्यात पाकळ्या सावकाश उलगडतात. लाल-गुलाबी छटा देणारं अँथोसायनिन थंडीत जास्त साठतं, म्हणून उन्हाळ्यात फिका वाटलेला गुलाबीही आता गडद दिसतो. आणि नेमक्या याच दिवसांत आपण झाडाकडून आणखी फुलं काढण्याच्या नादाला लागतो. खाली दिलेल्या निम्म्या चुका या एका हावेतून होतात. बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

झाड फुलत नाही म्हणून त्याला दोष देणं

शेजारचं झाड फुललंय आणि आपलं नुसतंच हिरवं, असं असेल तर आधी जात कुठली ते बघा. गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया अशा जुन्या युरोपीय गुलाबांना वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बहर येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब युरोपात पोहोचले आणि त्यांच्या संकरातून वर्षभर पुन्हापुन्हा फुलणारे आजचे गुलाब आले. त्याआधी युरोपात शरदात दुसऱ्यांदा फुलणारा गुलाब म्हणजे मुख्यतः ऑटम डमास्क. गंमत अशी, की पुन्हापुन्हा फुलणं हा खरं तर एक बिघाड आहे. बहर थांबवणारं जनुक या गुलाबांत नीट काम करत नाही, म्हणून ते थांबत नाहीत.

तेव्हा एकदाच फुलणाऱ्या झाडाला आता खतं, औषधं देऊन काही होणार नाही. उलट चिडून छाटलंत तर पुढच्या वर्षीचा बहरही जाईल, कारण ही झाडं मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. त्यांची छाटणी बहर संपल्या संपल्या करायची.

‘एक शेवटचा बहर’ म्हणून खत घालणं

हिशेब साधा आहे. फांदी कापल्यापासून नव्या फुटीवर फूल यायला उन्हाळ्यातही साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. गारव्यात त्याहून जास्त. म्हणजे गोठणाऱ्या पहिल्या रात्रीला सहा आठवडे उरले असतील, तर आज घातलेल्या खताचं फूल तुम्हाला दिसणारच नाही. दिसेल ती कोवळी, लालसर, लुसलुशीत फूट, आणि पहिल्याच कडक थंडीत ती काळी पडेल. नत्रयुक्त खत त्या तारखेच्या सहा ते आठ आठवडे आधी बंद करायचं. शेणखत, पेंड, द्रवखत, सगळं यात आलं. सेंद्रिय आहे म्हणून सूट नाही.

घालून बसला असाल तर? ती कोवळी फूट कापू नका. कापलीत की झाड खालच्या डोळ्यांतून, म्हणजे फांदीवर कोंब फुटतात त्या जागांतून, आणखी फूट काढतं. तशीच राहू द्या, थंडीत मेली तर मेली. तेवढा भाग हिवाळा सरल्यावर छाटता येतो.

सुकलेली फुलं शेवटपर्यंत खुडत राहणं

उन्हाळाभर जी सवय चांगली होती, तीच आता नडते. सुकलेलं फूल खुडलं की झाडाला वाटतं, बी धरलं नाही, पुन्हा फुलायला हवं. शेवटचे तीन-चार आठवडे हे थांबवा. देठावर फळ धरू द्या. फळ धरलेलं झाड नवी वाढ आवरतं, फांद्या पक्क्या होतात. रुगोसा आणि रानगुलाबांची लाल-केशरी फळं तर फुलांइतकीच देखणी असतात आणि पक्ष्यांनाही आवडतात. भरगच्च पाकळ्यांच्या बऱ्याच जातींना फळ धरतच नाही, तिथे वाट बघू नका.

सडक्या, चिकट पाकळ्या झाडावर लोंबताना बघवत नसतील, तर चिमटीत धरून फक्त पाकळ्या ओढून घ्या आणि खालचा हिरवा गोळा तसाच ठेवा. बाग नीटस दिसते आणि झाडही फसत नाही.

आताच छाटून मोकळं होणं

हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आलं की हात थांबत नाही, मान्य. तरी कडक छाटणी आता नको. तिची वेळ हिवाळा सरताना, डोळे फुगायला लागल्यावर. आता कापायचं ते फक्त उंच झाडाचं: वाऱ्याने हलून मुळं सैल होऊ नयेत म्हणून वरचा एक तृतीयांश भाग उतरवायचा. हलणाऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती मातीत फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि गोठतं. अशी फट दिसली तर पायाने माती दाबून बसवा.

पाणी मात्र थांबवू नका. ऊन कमी झालं म्हणून झाड तहानेलं नसतं असं नाही. जमीन गोठेपर्यंत मुळं काम करत असतात. कुंडीतल्या गुलाबांचं तर याच दिवसांत हमखास दुर्लक्ष होतं.

कळी उमलत नाही म्हणून तोडून टाकणं

या ऋतूतली सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार हीच. कळी टपोरी होते, रंग दाखवते, आणि तिथेच अडते. बाहेरच्या पाकळ्या भिजलेल्या कागदासारख्या होतात, तपकिरी पडतात, आणि आतलं फूल कोंडून कुजतं. कीड नसते, खताची कमतरताही नसते. पाऊस किंवा दवाने बाहेरच्या पाकळ्या भिजतात, मग ऊन पडलं की एकमेकींना चिकटून वाळतात. आतल्या पाकळ्यांना ते कवच फोडता येत नाही. मग करडी बुरशी, बोट्रायटिस, येते आणि देठापर्यंत उतरते.

पातळ आणि भरपूर पाकळ्यांच्या जातींना हा त्रास जास्त. १८४३ सालचा, ‘सुव्हेनिर द ला मालमेझों’ हा फ्रेंच गुलाब त्याबद्दल कुप्रसिद्ध आहे: कोरड्या हवेत उमलला तर डोळे दिपावेत, ओल्या हवेत नुसते तपकिरी गोळे.

उपाय हाताने करायचा. कवच नुकतंच धरलं असेल आणि कळी दाबून कडक लागत असेल, तर बाहेरच्या तीन-चार वाळलेल्या पाकळ्या बोटांनी अलगद सोलून काढा. घाई केली तर आतल्या फाटतात. दुपारी, कळी कोरडी असताना करा. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी फूल उमललेलं दिसतं. थोडं वाकडं, पण फूल. कळी मऊ लागली किंवा करडी लव दिसली, तर मात्र ती देठासकट, खालच्या निरोगी पानापर्यंत कापून बागेबाहेर टाका. आणि पाणी बुंध्याशी घाला. वरून फवारून भिजवलेल्या कळ्यांचं पुढे काय होतं ते आत्ताच सांगितलं.

गळलेली पानं तशीच सोडणं

काळे ठिपके पडलेली, पिवळी पानं झाडाखाली पडली की पुष्कळजण म्हणतात, राहू दे, खत होईल. या रोगाची बुरशी गळलेल्या पानांत आणि फांद्यांवर हिवाळा काढते. नवी पानं फुटली की पावसाच्या थेंबांबरोबर उडून पुन्हा वर चढते. पानं गोळा करा आणि घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण तो ढीग बहुधा पुरेसा तापत नाही. झाडावर उरलेल्या ठिपकेवाल्या पानांवर आता औषध फवारण्यात अर्थ नाही. ती जाणारच आहेत.

फार लवकर गुंडाळणं

थंडीच्या भीतीने काहीजण पहिल्याच गार वाऱ्याला बुंध्यावर मातीचा ढीग घालतात. तो उबदार, ओला ढीग फांद्यांची साल कुजवतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं. दोन-चार कडक रात्री होऊ द्या, मग वीस-तीस सेंटिमीटर उंच ढीग घाला. माती दुसरीकडून आणा. त्याच झाडाच्या बुंध्याशी उकरून ढीग केलात, तर मुळं उघडी पडतात आणि सगळा खटाटोप उलटा होतो. ढिगाखाली कलमाचा सांधा झाकला जायला हवा, कारण तो मेला तर पुढे फुटेल तो खालचा रानटी खुंट.

सकाळी वास घेऊन निराश होणं

‘यंदा वासच नाही’ असं म्हणण्याआधी घड्याळ बघा. गुलाबाचा सुगंध म्हणजे हवेत उडून जाणारी तेलं, आणि गार हवेत ती फारशी उडत नाहीत. उन्हाळ्यात पहाटेचा गुलाब सुगंधी लागतो, या दिवसांत दुपारचा. सगळ्यात सोपं म्हणजे एक फूल कापून घरात आणा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. खोलीच्या उबेत वास उघडतो. अंगणात मुका वाटलेला गुलाब टेबलावर बोलायला लागला, हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी नव्याने चकित होतो.

फुलदाणीतल्या चुका

आता फुलं कापायला हरकत नाही, पण देठ आखूड ठेवा. लांब देठ म्हणजे पानं आणि साठवलेलं अन्न दोन्ही नेणं, आणि झाडाला त्यातलं काही परत मिळवायला वेळ नाही. आखूड देठांसाठी पसरट वाटी किंवा पेला पुरतो. तीन फुलं आणि एक फळांची डहाळी एवढ्यात काम भागतं.

कळी कोणती कापायची, इथे बहुतेक चुकतात. उन्हाळ्यात घट्ट कळी घरात उमलते, शरदातली बऱ्याचदा उमलत नाही. कळीखालची हिरवी निदलं खाली वळलेली असावीत आणि बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागलेली असावी. भरगच्च पाकळ्यांची जात असेल तर अजून थोडी उमलू द्या.

देठाचं टोक हातोडीने ठेचायची जुनी सवय सोडा. ठेचल्याने पाणी जास्त चढत नाही. पाणी नेणाऱ्या नळ्या चिरडतात आणि चेंदामेंदा झालेल्या भागात जिवाणू वाढतात. धारदार सिकेटरने तिरपा काप घ्या, शक्यतो देठ पाण्याखाली धरून. पाण्यात बुडणारी पानं काढा. पाणी एका दिवसाआड बदला आणि दर वेळी देठाचं टोक सेंटिमीटरभर कापा.

मान मोडली, म्हणजे फूल ताजं असूनही देठ फुलाखाली वाकला, तर फूल संपलेलं नसतं. देठात हवेचा बुडबुडा अडकलाय किंवा जिवाणूंनी नळी तुंबलीय. टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर कापा, फूल आणि देठ मिळून कागदात ताठ गुंडाळा आणि फुलाच्या मानेपर्यंत कोमट पाण्यात तासभर उभं ठेवा. बहुतेक वेळा मान उभी राहते. फार कोवळी कळी असेल तर राहणार नाही, कारण तिची मान अजून पक्की झालेलीच नसते.

आणि पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी नको. सफरचंद, केळी इथिलीन वायू सोडतात, त्याने पाकळ्या लवकर गळतात. चित्रात ही जोडी छान दिसते, टेबलावर चार दिवसांची फुलं दोन दिवसांत जातात. रात्री फुलदाणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात हलवा. झाडावर फूल टिकलं ते गारव्यानेच, घरातही तोच उपयोगी पडतो.

गोठणाऱ्या रात्रीची गडबड

निरभ्र आकाश, वारा पडलेला, संध्याकाळीच बोटं गारठतायत, असं असेल तर ती रात्र आली समजा. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. दुपारीच मातीला पाणी द्या, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. अंधार पडायच्या आत जुनी चादर झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडा. नुसत्या शेंड्याला टोपी घालून उपयोग नाही. ऊब खालून येते, ती अडवायची असते. प्लॅस्टिक पाकळ्यांना चिकटू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच फूल करपतं. सकाळी ऊन आलं की चादर काढा. शून्याच्या एखाद-दोन अंश खालपर्यंत हे चालतं, त्याहून थंडीत नाही. त्यामुळे पूर्ण उमललेली आणि उमलायच्या बेतातली फुलं त्याच संध्याकाळी कापून आत आणा. ‘उद्या दुपारी उन्हात बघू’ म्हणून ठेवलेलं माझं एक पिवळं फूल सकाळी उकडल्यासारखं झालं होतं.

झाडावर राहिलेल्या घट्ट कळ्यांना मात्र सकाळी हात लावू नका. गोठलेली कळी बोटाच्या दाबानेही आत फुटते. दुपारपर्यंत, ती आपोआप सैल होईपर्यंत थांबा. बाहेरच्या पाकळ्या करपलेल्या दिसल्या तरी एखादी सोलून आत डोकवा. पहिली रात्र हलकी असेल तर आतला रंग अजून शाबूत असतो, आणि तशी कळी वाटीतल्या कोमट पाण्यात ठेवली तर दोन दिवसांनी अर्धवट का होईना, उमलते.