पावसाचा इशारा आला की गोव्यात होणाऱ्या या चुका टाळा

"आमच्याकडे तर लख्ख ऊन पडलंय, कसला ऑरेंज अलर्ट?" डिचोली-सत्तरीत दर पावसाळ्यात हे वाक्य कानावर येतं आणि माझा जीव वर-खाली होतो. साखळीच्या बाजारात पाणी शिरतं ते केवळ बाजारावर पडलेल्या पावसानं नव्हे. वर चोर्ल्याच्या घाटात रात्रभर कोसळलं की वाळवंटी नदी सकाळी फुगते, आणि त्याच वेळी खाली मांडवी नदीला भरती असली की पाण्याला उतरायला वाटच उरत नाही. म्हणून आपल्या अंगणावरचं आभाळ बघून निर्धास्त होऊ नका. घाटात काय चाललंय आणि भरती किती वाजता, हे दोन्ही बघा. साळ, इब्रामपूर, हणखणे भागातल्या लोकांनी तिळारी धरणातून पाणी सोडणार आहेत का, याचीही चौकशी करायला हवी.

जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीतल्या माझ्या आत्याच्या घरी सगळे पुढच्या दाराशी वाळूच्या गोण्या रचत होते. पाणी मात्र मागच्या मोरीतून आलं. आधी गढूळ बुडबुडे, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. तांदळाचं पिंप जमिनीवरच राहिलं होतं, सगळा तांदूळ गेला. तेव्हा आधी मोरीत ओली फडकी गच्च कोंबून वर गोणी ठेवा. धान्य, कागदपत्रं, औषधं वर चढवा. दार त्यानंतर.

आणखी एक चूक इशाऱ्याच्या रंगाची. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. जुलैत पिवळा आणि केशरी इतक्या वेळा येतात की मन सरावतं. पण आकडे डोळ्यासमोर ठेवा: २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार', २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात. घराबाहेर पडण्याआधी मात्र हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा, तो जास्त कामाचा. 'मौसम', 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही ॲप्स फोनवर असू द्या. व्हॉट्सॲपवर आलेला इशारा पुढे धाडण्यापूर्वी त्यावरची तारीख आणि वेळ वाचा. गेल्या वर्षीचे व्हिडिओ याही वर्षी फिरतात.

वादळ समुद्रातून पुढे सरकलं म्हणजे आपण सुटलो, हाही गैरसमज. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला न धडकता पुढे गेलं, मग गुजरातेत धडकलं. तरी इथं झाडं उन्मळली, खांब पडले, कित्येक गावं अंधारात राहिली. नकाशावरची रेषा वादळाच्या केंद्राची असते, वारा त्याच्या कितीतरी बाहेर पोचतो.

घरात पाणी शिरायच्या आधी मेन स्विच बंद करा. पाणी आत आल्यावर स्विचला हात लावायला जाऊ नका, वीज खात्याला १९१२ वर कळवा. पाणी ओसरल्यावर फ्रिज-मोटर वायरमननं तपासल्याशिवाय सुरू करू नका. मातीच्या भिंतींचं घर असेल तर उघडीप पडली म्हणून निश्चिंत होऊ नका. भिजलेली भिंत नंतरही कोसळते. तडा गेलेल्या भिंतीकडे डोकं करून कोणालाही झोपवू नका. अडकलात तर ११२, अग्निशामक दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८.

शेवटची चूक घाईची. चिखल दिसवेना म्हणून लोक पाणी ओसरताच सगळं धुऊन काढतात, आणि मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूण फोटोत येऊ द्या, तलाठ्याला कळवा. कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, पोफळ मोडली असेल तर ती तोडून बाजूला करण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात जा. पिकाच्या नुकसानीसाठी मदत देणाऱ्या शेतकरी आधार निधीचा अर्ज तिथंच होतो.