पिट्सबर्गला कॉम्प्युटर व्हिजनमध्ये पीएचडी करायला येताय?

संगणकाला चित्रं समजायला शिकवण्याचा हा विषय घेऊन इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात येणाऱ्या मुलामुलींचे फोन जुलैपासूनच सुरू होतात. पहिला प्रश्न खोलीचा. स्क्विरल हिल ही वस्ती बघा. मरे अव्हेन्यूवर वाणसामान मिळतं, विद्यापीठाची बस जवळ आहे आणि विद्यार्थ्यांना तिकीट पडत नाही. कुकर घरून आणा, थंडीचा कोट मात्र इथेच घ्या. पुण्यातला जानेवारीत पुरत नाही. स्टायपेंडवर कर लागतो, एप्रिलमध्ये १०४०-एनआर हा परदेशी लोकांसाठीचा कराचा फॉर्म भरायचा. भारताशी असलेल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते सोडू नका.

आता कामाचं. रोबॉटिक्स इन्स्टिट्यूट इथे १९७९ पासून आहे. चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कुठे सरकला हे शोधणारी लुकास-कानाडे पद्धत १९८१ सालची, इथलीच. डीप लर्निंगच्या, म्हणजे मॉडेल डेटावरून आपलं आपण शिकतं अशा दिवसांत ती कशाला, असं वाटेल. तरी एकदा वहीत सोडवा. मॉडेल चुकलं की नेमकं कुठे बघायचं, ते अशाने कळायला लागतं.

पहिल्या वर्षी मी चित्रातल्या माणसाचे सांधे ओळखणारं मॉडेल शिकवत होते. मनगटं काही केल्या जमेनात. तीन महिने लर्निंग रेट (मॉडेलने दर पायरीला स्वतःला किती बदलायचं तो आकडा) बदलत बसले आणि दर मीटिंगला ‘चाललंय’ म्हणत राहिले. शेवटी गाइडसमोर रडवेली होऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, चित्रं नजरेखालून घातलीस का? त्याच संध्याकाळी पन्नास चित्रं उघडून बघितली. डेटा वाढवायला मी चित्रं आरशासारखी उलटवली होती, सांध्यांची नावं तशीच ठेवली होती. डाव्या मनगटावर ‘उजवं’ लिहिलेलं! दोन ओळींत दुरुस्ती झाली.

म्हणून कळकळीने सांगते, अडलं की त्याच आठवड्यात बोला. सरांसमोर ‘अडलंय’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. इथे गाइडला नावाने हाक मारायची सवय चार दिवसांत होते, ‘अडलंय’ म्हणायची व्हायला मला वर्ष लागलं.

सीव्हीपीआर या आपल्या विषयातल्या मोठ्या परिषदेला पेपर पाठवायची मुदत नोव्हेंबरात, बऱ्याचदा दिवाळीला लागूनच. फराळ आधी करून ठेवा, लॅबमध्येही न्या. निकाल फेब्रुवारीअखेर लागतो. पेपर परत आला तर मार्चमध्ये विषम वर्षी आयसीसीव्ही, सम वर्षी ईसीसीव्ही या दुसऱ्या परिषदेची मुदत असते. पण पेपर परत आला त्या आठवड्यात खोलीत एकटे बसू नका. शहराजवळ पेन हिल्सला बालाजीच्या देवळात या. बहुतेक रविवारी मी तिथे असते.