जहाजांची ग्रीक नावे : लिहिताना या चुका टाळा

भारतीय नौदलाच्या जुन्या नौकांविषयी लिहिताना ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ यांच्या पूर्वीच्या नावांची अदलाबदल फार वेळा होते. ‘विक्रांत’ ही पूर्वीची ‘हर्क्युलिस’ आणि ‘विराट’ ही पूर्वीची ‘हर्मिस’. दोन्ही विमानवाहू, दोन्ही ब्रिटनकडून घेतलेल्या आणि दोन्ही नावे ‘ह’ने सुरू होणारी, त्यामुळे गोंधळ समजण्याजोगा आहे, परंतु त्यातूनच पुढे ‘विक्रांत’ने दुसऱ्या महायुद्धात भाग घेतल्याचे छातीठोकपणे लिहिले जाते, आणि ही चूक अधिक गंभीर आहे. ‘हर्क्युलिस’चे जलावतरण सप्टेंबर १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर झाले. पुढच्याच वर्षी तिचे बांधकाम थांबले, १९५७ मध्ये भारताने ती अपुऱ्या अवस्थेतच विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाली. ‘हर्क्युलिस’ या नावाने तिने ब्रिटिश नौदलात एक दिवसही सेवा केलेली नाही.

‘हर्मिस’च्या बाबतीत चूक वेगळ्या वाटेने शिरते. ब्रिटिश नौदलात एक नौका गेली की तिचे नाव काही वर्षांनी दुसरीला देण्याची रीत आहे, त्यामुळे केवळ नावावरून नौका ओळखता येत नाही. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ बुडवलेली ‘हर्मिस’ निराळी, आणि १९५३ मध्ये जलावतरण होऊन १९८२ च्या फॉकलंड युद्धात आघाडीवर असलेली, १९८७ मध्ये ‘विराट’ झालेली ‘हर्मिस’ निराळी. ‘बुडालेले जहाज भारताला कसे विकले?’ असा प्रश्न वाचकाला पडला, तर दोष वाचकाचा नसतो. नावाशेजारी जलावतरणाचे किंवा सेवेत दाखल झाल्याचे वर्ष लिहिले की ही अडचण उरत नाही. आपल्याकडेही आता हीच काळजी घ्यावी लागते, कारण २०२२ मध्ये याच नावाची नवी विमानवाहू नौका दाखल झाल्यापासून ‘विक्रांत’ म्हटले की कोणती, हे सांगणे भाग आहे.

‘अकिलीस’ या क्रूझरची कथा तर तीन देशांत विभागलेली आहे. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘एजॅक्स’, ‘अकिलीस’ आणि ‘एक्झेटर’ या तीन क्रूझरनी जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेला गाठले. तीनपैकी दोघींची नावे ट्रॉयच्या युद्धातील वीरांची असल्याने तिसऱ्या नावातही एखादा वीर शोधणारे भेटतात. एक्झेटर हे इंग्लंडमधील शहर आहे. ‘अकिलीस’वरील खलाशी बहुसंख्येने न्यूझीलंडचे होते, परंतु रॉयल न्यूझीलंड नेव्ही या नावाचे नौदल औपचारिकपणे १९४१ मध्ये अस्तित्वात आले, म्हणून त्या लढाईच्या वर्णनात तिला न्यूझीलंडच्या नौदलाचा उपसर्ग लावणे चूक ठरते. १९४८ मध्ये हीच नौका भारताची ‘दिल्ली’ झाली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत दीवजवळ तैनात होती. पुढे १९९७ मध्ये दाखल झालेल्या विनाशिकेलाही ‘दिल्ली’ हेच नाव दिले गेले, त्यामुळे येथेही वर्षाचा उल्लेख सुटू नये.

काही अभ्यासू लेखक याच्या उलट टोकाला जातात. ‘हर्क्युलिस’ हे रोमन रूप असून मूळ ग्रीक नाव ‘हेराक्लीस’ आहे, हे कळताच ते नौकेचे नावही दुरुस्त करू लागतात. कथा सांगताना हेराक्लीस लिहावे, यात वाद नाही. परंतु नौकेवर जे नाव रंगवले होते तेच तिचे नाव, आणि ते बदलण्याचा अधिकार लेखकाला नाही. याच न्यायाने ‘युलिसिस’चे ‘ओडिसियस’ करू नये. खलाशी स्वतः मात्र असल्या शुद्धतेच्या भानगडीत पडत नसत. ज्या ‘बेलेरोफॉन’वर जुलै १८१५ मध्ये नेपोलियनने शरणागती पत्करली, तिला ते सरळ ‘बिली रफियन’ म्हणत. तेव्हा हे नाव वाचनात आल्यास ती दुसरी नौका समजू नये.

शेवटची चूक बादरायण संबंधाची. नाव ग्रीक दिसले म्हणजे ते ग्रीक पुराणातूनच आले, असे नसते. पॅरिसच्या ‘हर्मेस’ या चैनीच्या वस्तूंच्या पेढीचे नाव संस्थापकाच्या आडनावावरून पडले आहे, हर्मिस या ग्रीक देवावरून नव्हे. ‘टायटन’ घड्याळांच्या नावात टाटा इंडस्ट्रीज आणि तामिळनाडू यांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवलेली आहेत. ‘टायटॅनिक’ मात्र खरोखरच ग्रीक पुराणातील टायटन या आदिदेवांवरून आले. मुंबईतील अपोलो बंदराचा अपोलो देवाशी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ते ‘पालव’ किंवा ‘पालवा’ या स्थानिक शब्दाचे इंग्रजी अपभ्रष्ट रूप मानले जाते आणि जुने मुंबईकर अजूनही पालवा बंदर म्हणतात. खऱ्या ग्रीक देवाचे नाव घेऊन जन्मलेली ‘हर्मिस’ याच बंदराशेजारच्या नौदल गोदीत कितीतरी वर्षे ये-जा करत होती आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली, फक्त तोपर्यंत तिच्यावर ‘विराट’ हे नाव होते.