उंची तीन फूट अकरा: साइडव्हीलची स्कूटर माणसाच्या मापात कशी बसवायची

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे. स्कूटरला साइडव्हील बसवायचं काम मी बावीस वर्षं करतोय. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन चाकं, म्हणजे मोजली तर एकूण चार, पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. आमचं बहुतेक गिऱ्हाईक पोलिओचं. त्यांचे हात आणि खांदे दणकट असतात, अडचण फक्त तोल सांभाळायची. किट बसवलं, दोन दिवस मैदानावर फिरवलं की काम संपलं.

म्हणून इचलकरंजीकडच्या एक ताई आल्या तेव्हा मी पण म्हटलं, तीन दिवसांचं काम. लागले पाच आठवडे.

ताईंची उंची ११९ सेंटिमीटर. मुंबईत एका नाचाच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये त्यांच्या ग्रुपची निवड झाली होती आणि स्टेजवर एंट्री स्वतःच्या गाडीवरून घ्यायची ठरली होती. "मामा, टीव्हीचं एक दिवसाचं आहे. मी रोज एसटीच्या पायरीवर उडी मारून चढतो, त्याचं बघा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ते पाटीसारखं डोक्यात ठेवलं. गाडी रोजची, टीव्ही मधेच आलेला पाहुणा.

तिकडून शोच्या एका मुलाने फोनवर फोटो पाठवला, हार्लेच्या ट्राय ग्लाइड या तीनचाकी मोटारसायकलचा. गाडी सुंदर, प्रश्नच नाही. पण अर्ध्या टनापेक्षा जड, आणि मागं डिफरन्शियलसकट (वळणात दोन चाकांना वेगवेगळा वेग देणारी यंत्रणा) पूर्ण ॲक्सल. आपली स्कूटर शंभर किलोच्या आसपासची. त्याला हवं होतं डोक्याच्या वर जाणारं हँडल आणि चढायला एक छोटी लाकडी शिडी, 'एंट्रीला मजा येईल' म्हणून. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "शिडी दिसली की लोक नाच बघायचेच न्हाईत." शिडीचा विषय तिथं संपला.

आता कामाचं. गाडीला पाना लावायच्या आधी माणूस मोजायचा, आणि नुसती उंची मोजून उपयोग नाही. ताईंना ॲकोन्ड्रोप्लेझिया आहे, म्हणजे उंची खुंटण्याची जन्मजात अवस्था. त्यात धड बऱ्यापैकी लांब असतं, हातपाय तेवढे आखूड. ताई खुर्चीत बसल्या की शेजारच्या बाईएवढ्या दिसतात. त्यामुळे 'लहान माणूस, लहान गाडी' हा हिशेब चुकतो. मी चार मापं घेतली: गुडघ्यापासून चपलेच्या तळापर्यंत २५ सेंमी, पाठीपासून गुडघ्यापर्यंत, खांद्यापासून मिटलेल्या मुठीपर्यंत ३८ सेंमी, आणि अंगठ्याच्या बेचक्यापासून मधल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. हे शेवटचं माप ब्रेकसाठी. बरेच लोक ते घेतच नाहीत. शिवाय अशा माणसांचा कोपर बहुतेक वेळा पूर्ण सरळ होत नाही, म्हणून हात ताणायला लावून माप घेऊ नका, सैल सोडायला सांगून घ्या.

मग फरशीवर खोटी गाडी मांडली. विटांवर पाट, त्यावर गाडीची सीट, पायाखाली दुसरा पाट, आणि हँडल म्हणून झाडूचा दांडा माझ्या पोराच्या हातात. ताईंना डोळे मिटून बसायला सांगितलं आणि दांडा पुढंमागं करायला लावला. त्या जिथं "हां, हितं" म्हणाल्या तिथं खडूने खूण. तासाभराने चहा घेऊन परत तेच केलं, तर खूण चार सेंमी मागं आली. पहिल्यांदा माणूस ताठ बसतो. दुसरी खूण खरी धरायची.

गाडी ॲक्टिव्हा घेतली होती. तिची सीट जमिनीपासून साधारण ७६५ मिमी. सीट पार खाली करायचा मोह होतो, पण खाली इंजिन आणि डिकी आहे, फार वाव नाही, आणि गरजही नाही. साइडव्हील आहेत, सिग्नलला पाय टेकायचाच नाही! पाय जमिनीला पोचवण्यापेक्षा जमीन पायापर्यंत आणायची. आमच्या गाडीवर फूटबोर्ड ते सीट ४७ सेंमी भरलं. कुशनवाल्याकडून फोम ५ सेंमी उतरवून घेतला, बसल्यावर आणखी २ सेंमी दबतो, राहिले ४०. त्यातून पायाचे २५ गेले, म्हणजे १५ सेंमीचा ओटा. चौकोनी पाइपची चौकट, वर उठावदार नक्षीचा चेकर्ड पत्रा, आणि चौकट फूटबोर्डच्या मूळ बोल्टांवरच आवळलेली. चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, वेल्डिंगचा एक टाका मी देत नाही. पाय लटकत राहिले तर मांडीखाली मुंग्या येतात आणि सगळा भार कमरेवर पडतो. या लोकांच्या कण्याला आधीच जपावं लागतं, म्हणून ओट्यात तडजोड करू नका.

हात आणि हँडल यांत १८ सेंमीचं अंतर उरत होतं. सगळंच हँडल मागं ओढलं तर वळवताना ते पोटात येतं. म्हणून माणूस १० सेंमी पुढं आणला आणि हँडल ८ सेंमी मागं. माणूस पुढं आणायचा म्हणजे पाठीमागं जाड टेकू द्यायचा. हा टेकू सीट उघडायला आडवा यायला नको, नाहीतर दर वेळी डिकीसाठी पाना शोधत बसाल. आम्ही तो पिनवर बसवला, ओढला की निघतो.

हँडल कापून मधे तुकडा जोडायचा नाही. अख्ख्या सीमलेस, म्हणजे बिनसांध्याच्या पाइपचं नवीन वाकवून आणायचं. ॲक्टिव्हाचा हेडलाइट हँडलच्या कव्हरमध्येच असतो, त्यामुळे कव्हरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कापून वाढवाव्या लागतात. ब्रेकचे लिव्हर मुठीकडं वाकवून त्या पेराच्या मापात आणले. डावा लिव्हर दोन्ही ब्रेक लावतो, तो दोन बोटांत पूर्ण आवळता आला पाहिजे. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि बघायचं, की बाहेरचा हात लिव्हरवर असताना पाठ टेकूपासून सुटत तर नाही ना. आमची सुटत होती. मग मुठी दोन्हीकडून तीन तीन सेंमी आत घेतल्या.

इथं माझी चूक सांगतो. ब्रेकच्या केबल बदलल्या, पण ॲक्सिलरेटरची जुनीच ठेवली, कारण सरळ हँडलला ती पोचत होती. संध्याकाळी पोराने गाडी सुरू करून उजवीकडं हँडल मारलं आणि इंजिन आपोआप ओरडायला लागलं. केबल ताणली जाऊन रेस वाढत होती. दोन चाकांवर माणूस गाडी कलवून वळतो, हँडल फार वळत नाही. तीनचाकी कलत नाही, सगळं वळण हँडलनेच घ्यायचं. म्हणजे ऐन वळणात रेस वाढली असती. ताई तेव्हा गाडीवर नव्हत्या हे नशीब. तेव्हापासून नियम केलाय: स्टँडवर इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवायचं, आवाज तसूभर बदलता कामा नये.

चढायला डाव्या बाजूला पायरी. सुधारलेला फूटबोर्ड जमिनीपासून ४३ सेंमीवर आला, पायरी २२ वर. पहिली पायरी पक्की जोडली होती, ती पहिल्याच स्पीडब्रेकरवर घासली. मग जुन्या साइडस्टँडचीच बिजागरी आणि स्प्रिंग वापरून मिटती पायरी केली, आणि पायरी खाली असेल तर इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टँडचं कटऑफ स्विच तिलाच लावलं.

साइडव्हीलचं किट मात्र घरचं बनवू नका. एआरएआय या पुण्याच्या वाहन चाचणी संस्थेने मान्यता दिलेलंच घ्या, कारण पुढं कागद लागतात. दोन्ही चाकं मधल्या, म्हणजे गाडीच्या मूळ मागच्या चाकाला समांतर आहेत का ते सुतळी ताणून बघायचं, तिरकी असली तर टायर महिन्यात खातात. रुंदी ठरवताना त्यांच्या घराचा बोळ मोजून आणायला लावला. पण खरी मेख असते ती स्प्रिंगच्या ताणात. गाडी ओढतं ते मधलं चाक, मागचा ब्रेकही त्यालाच. बाजूच्या चाकांनी जास्त वजन उचललं तर खड्ड्यात मधलं चाक अधांतरी फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. त्यासाठी मी बाजूच्या दोन्ही चाकांखाली ३ सेंमीच्या फळ्या घालतो आणि गाडी पुढं घ्यायला सांगतो. मधलं चाक जागच्या जागी फिरलं तर ताण कमी करायचा, आणि वळणात गाडी डुलायला लागली तर अर्धा आटा परत आवळायचा. या फळ्यांचा उपयोग पुढं टीव्हीवर झाला. स्टेजला चढ होता. चढाला मधल्या चाकाची पकड जास्त लागते, आणि फरशी गुळगुळीत. नुसतं दिसायला मजबूत म्हणून स्प्रिंग आवळली असती तर एंट्रीला ताई तिथंच अडकल्या असत्या.

किटने आणि ओट्याने मिळून गाडीचं वजन आमच्या काट्यावर ४१ किलोंनी वाढलं, म्हणजे थांबायला जास्त अंतर लागतं. हे चालवणाऱ्याला तोंडी सांगून कळत नाही. मैदानावर विटा मांडून दहा, वीस, तीसच्या वेगात ब्रेक मारायला लावा. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवायचं, वेग वळणाआधीच कमी करायचा, नाहीतर आतलं चाक उचलतं. ताईंनी आधी कधी दुचाकी चालवलीच नव्हती, हे बरंच झालं. दुचाकीची सवय असलेला माणूस तीनचाकी कलवायला जातो आणि कठड्यात घुसतो. खड्डा चुकवायचा तर तीन रेषा चुकवाव्या लागतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी आपसूक कळलं.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात १४७ सेंमी किंवा त्याहून कमी उंचीची खुजेपणाची अवस्था धरलेली आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी गाडी आधी बदलून मागाहून मंजुरी घेता येते, पण बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. आरसी बुकात नोंद झाल्याशिवाय रस्त्यावर आणू नका, विम्याच्या वेळी पस्तावाल. लायसन्सची परीक्षाही याच गाडीवर द्यायची.

टीव्हीवाल्यांचा शेवटचा हट्ट सायलेन्सर काढायचा होता, आवाजासाठी. मी नाही म्हटलं. रंग मात्र ताईंच्या मनासारखा, गर्द जांभळा, आणि टेकूवर सोनेरी रेक्झिन. गाडी टेम्पोतून मुंबईला गेली.

एपिसोड आम्ही गॅरेजमध्येच बघितला. त्या चढाच्या पायथ्याशी मी श्वास धरला होता, बाकी सगळे टाळ्या वाजवत होते. गाडी चढली. पडद्यावर ती सगळी मिळून दहाएक सेकंद दिसली असेल.

५०० किलोमीटर झाल्यावर ताई परत आल्या, नट आवळून घ्यायला. हे प्रत्येकाने करायचंच, नवीन किट चालताना जागेवर बसत जातं, नट सैल होतात. उजव्या साइडव्हीलचे दोन बोल्ट खरंच अर्धा आटा सुटले होते. ओट्यावरची मॅट पावसात घसरते म्हणाल्या, ती बदलून दिली. पुढं पिशवी अडकवायला हूकही मागितला, भाजीसाठी. तो ओट्याच्या आड येत होता, म्हणून दोन इंच वर घेऊन बसवला.