पुण्याहून पहिल्या मोठ्या पोकर स्पर्धेला निघताना

पुण्यातून गोव्याला पहिली मोठी स्पर्धा खेळायला जाणारी बहुतेक मंडळी पत्त्यांचा अभ्यास चोख करून जातात. कुठल्या जागेवरून कुठल्या पानांवर रेझ (लावलेली रक्कम वाढवणं) करायचं, कुठली टाकायची, याचे तक्ते तोंडपाठ असतात. पण दिवसाचे दहा-बारा तास एका खुर्चीत बसायचं, त्यातला बहुतेक वेळ हातात खेळण्याजोगं काहीच नसतं आणि तरीही लक्ष ढळू द्यायचं नसतं, याची तयारी फार थोड्यांची असते. लाइव्ह स्पर्धेतलं खरं कसब मला तिथेच दिसतं. पानं टाकून दिल्यावर तुम्ही काय करता, यावर पुढचे कितीतरी हात, म्हणजे डाव, ठरतात.

आधी कायद्याचं बोलू, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. १९७६ साली राज्याने कॅसिनोंसाठी वेगळा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे पुण्यात कुणी ‘आमच्या फ्लॅटवर ये, छोटासा डाव आहे, पैसे लागतील थोडे’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या केल्या आणि मांडवीतल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ कायदेशीर झाले. म्हणून मोठ्या स्पर्धा तिथे भरतात. वयाची अट २१ पूर्ण अशी आहे आणि ती ओळखपत्र पाहूनच तपासतात.

दुसरं, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्याआधी बरेच जण ऑनलाइन सॅटेलाइट, म्हणजे कमी फीची पात्रता स्पर्धा जिंकून मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायचे. २००३ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट असाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला, ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्याची गोष्ट ऐकून जगभर कितीतरी लोक या खेळाकडे वळले. आपल्याकडे ती वाट आता नाही. त्यामुळे सराव समोरासमोर बसूनच करायचा, आणि तोही बिनपैशाचा.

आमचा गट कोथरूडला एका मित्राच्या घरी जमतो. प्लॅस्टिकच्या चिप्स, मोबाइलवर ब्लाइंडचं (दर हाताला दोघांनी सक्तीने लावायच्या, ठराविक वेळाने वाढणाऱ्या रकमांचं) घड्याळ, हरणारा सगळ्यांसाठी चहा टाकतो. पैसे नसले की लोक वाटेल तसं खेळतात, ही तक्रार खरी आहे. पण अशा सरावातून चिप्स हाताळायची, पॉटचा, म्हणजे मधल्या ढिगाचा, हिशेब तोंडी ठेवायची, आपली पाळी आली की गोंधळून न जाण्याची सवय लागते, आणि नवख्याला तीच हवी असते. ज्यांचं लहानपण मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळण्यात गेलं, ते इथे लवकर रुळतात असं मी पाहिलंय. हुकुमाची किती पानं पडली, मेंढी कुणाकडे अडकलीय, हे लक्षात ठेवायची त्यांच्या डोळ्यांना सवय असते. दिवाळीतल्या तीन पत्तीतून आलेल्यांना मात्र आधी काही गोष्टी विसराव्या लागतात. पानं न पाहता ‘ब्लाइंड’ खेळून समोरच्याला घाबरवायची खोड इथे फार महाग पडते.

गणित थोडं लागतं, पण लागतंच. समजा पॉटमध्ये १२,००० आहेत, समोरच्याने ४,००० लावले. आता तुम्हाला १६,००० जिंकण्यासाठी ४,००० घालायचे आहेत, म्हणजे वीस टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. तुमची दोन आणि टेबलावरची सामाईक चार पानं मिळून चार बदाम जमलेत, पाचवा आला की जिंकलात, आणि शेवटचं एकच पान यायचंय. न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरलेत, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. कॉल, म्हणजे तेवढेच लावून हातात राहणं, जेमतेम काठावर. हे तोंडी, दहा सेकंदांत, चेहऱ्यावर काही न दाखवता करता आलं पाहिजे. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला थांबल्या-थांबल्या असे हिशेब घातले तरी महिन्याभरात जमायला लागतं.

स्पर्धेचा आराखडा आधी वाचून घ्या. सुरुवातीला २५,००० चिप्स आणि ब्लाइंड १०० व २०० असेल तर तुमच्याकडे १२५ बिग ब्लाइंड (दोनांतला मोठा, इथे २००) आहेत. हात घाईने खेळायची काहीच गरज नाही. पण दर तीस मिनिटांनी ब्लाइंड चढत असतील, तर पाच-सहा तासांनी बिग ब्लाइंड २,००० होतो आणि तेच २५,००० म्हणजे साडेबारा बिग ब्लाइंड उरतात. तेव्हा खेळ पूर्ण बदलतो: बहुतेक वेळा टाका नाहीतर ऑल-इन जा, म्हणजे सगळ्या चिप्स लावा, इतकाच निर्णय राहतो. आजकाल बऱ्याच स्पर्धांत अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवाय दर हाताला भरायची रक्कम, एकटा बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाच्या वतीने भरतो. ते माहीत नसेल तर आपली पाळी आली की दुप्पट चिप्स का गेल्या, हे कळत नाही.

टेबलावरचे नियम एकदा नीट समजून घ्या, कारण तिथे दया-माया नसते आणि नसावीही. सगळ्यात जास्त नवखे अडकतात ते एका चिपच्या नियमात. ब्लाइंड २०० आणि ४००, तुम्हाला १,००० पर्यंत रेझ करायचंय, तुम्ही न बोलता १,००० ची एक चिप पुढे टाकलीत, तर तो रेझ धरत नाहीत, कॉल धरतात. म्हणून आधी तोंडाने ‘रेझ’ म्हणा, आकडा सांगा, मग चिप्स सरकवा. तोंडून गेलेला शब्द बांधील असतो, तो मागे घेता येत नाही. चिप्स एका हालचालीत पुढे न्या. थोड्या ठेवल्या, समोरच्याचा चेहरा पाहिला, मग आणखी ठेवल्या, असं चालत नाही. आपली दोन पानं हाताखाली किंवा चिपखाली दाबून ठेवा. मोकळी सोडलेली पानं डीलरने चुकून ओढून घेतली तर बहुतेक वेळा हात गेला, दाद मिळत नाही. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा रचा. टेबल मोडून दुसरीकडे पाठवलं तर चिप्स खिशात घालून नेऊ नका, त्याला दंड होतो, ट्रे मागा.

मराठी माणसासाठी एक खास सूचना. टेबलावर पुण्याचं, कोल्हापूरचं कुणी भेटलं की आपसूक मराठी सुरू होतं, आणि दोन हातांच्या मध्ये गप्पा मारायला कुणाची ना नसते. पण हात चालू असताना आयोजकांनी ठरवलेल्या भाषेतच बोलायचं, बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि हिंदी. तुम्ही ‘काय गर्मी आहे हो’ म्हणालात तरी तिसऱ्याला वाटणार की पानांबद्दल काही सांगितलं. हा संशय येऊ न देणं ही आपली जबाबदारी.

आता पाहण्याबद्दल. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस हात होतात. त्यातले पाच-सहा तुम्ही खेळाल. बाकीच्या वेळात मुलं मोबाइल काढतात, आणि समोर फुकट मिळणारी सगळी माहिती वाया जाते. मी एक पद्धत ठेवलीय: पानं टाकली की टेबलावरचे दोनच लोक निवडायचे आणि अर्धा तास फक्त त्यांनाच पाहायचं. सगळ्यांना पाहायला गेलं की कुणीच दिसत नाही.

असंच एकदा माझ्या उजवीकडे साठीच्या आसपासचे एक काका होते. शांत, हसतमुख, दर हाताला डीलरला ‘थँक्यू बेटा’ म्हणणारे. त्यांचा नेहमीचा रेझ बिग ब्लाइंडच्या दुप्पट असायचा. चिप्स एका हाताने उचलून, मागे टेकूनच पुढे ढकलायचे. पण मध्येच कधी तरी ते पुढे सरकून बसायचे, चिप्स दोन्ही हातांनी मोजायचे, दोनदा मोजायचे आणि तिप्पट ठेवायचे. तसे दोन हात शोडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटी पानं दाखवेपर्यंत, गेले. एकदा राण्यांची जोडी निघाली, एकदा एक्क्यांची. दोन हात म्हणजे पुरावा नव्हे, पण मी ते मनात टिपून ठेवलं.

बबल आला तेव्हा ब्लाइंड २,००० आणि ४,००० होते आणि माझ्याकडे ६०,०००, म्हणजे पंधरा बिग ब्लाइंड. बबल म्हणजे आता दोन-तीन माणसं बाहेर गेली की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, ती वेळ. अशा वेळी बऱ्याचदा सगळ्या टेबलांवर एकेकच हात एकाच वेळी वाटतात आणि सगळे संपेपर्यंत थांबतात. सभागृहात कुजबूजसुद्धा नसते. मला दश्श्यांची जोडी आली: एक इस्पिकची, एक किलवरची. पंधरा ब्लाइंडवर ही पानं म्हणजे तक्त्यात डोळे मिटून ऑल-इन. पण काका पुढे सरकले, दोन्ही हातांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि १२,००० ठेवले.

मी टाकली. माझ्यानंतर पाळी असलेला एक तरुण एक्का-राणी घेऊन ऑल-इन गेला. काकांनी राजांची जोडी उलटी केली. पाच पानं पडली, राजे राजेच राहिले, आणि तो मुलगा बक्षिसाच्या उंबऱ्यावरून उठून गेला. काकांकडे नऊंची जोडी असती तर माझा निर्णय चुकीचा दिसला असता, हे मला मान्य आहे. तरीही तो हात मला महत्त्वाचा वाटतो. तक्ता सगळ्यांकडे सारखाच असतो. त्या दिवशी तो बाजूला ठेवायला कारण होतं, आणि ते कारण मी पानं टाकलेल्या दोन तासांत मिळवलं होतं. बबलवर तर हे जास्तच लागतं. तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत तितक्याच कमावलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते, कारण उठलात की हाती शून्य, आणि दुप्पट झालात तरी बक्षीस लगेच दुप्पट होत नाही.

पैशांचं मी स्पष्ट सांगतो, कारण याबाबतीत फार गोड बोललं जातं. साधारणपणे दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं. म्हणजे चांगलं खेळूनही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठायचं. फीमधला काही भाग आयोजकांचा असतो, तो बक्षिसात जात नाही. जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली तर सगळ्या रकमेवर तीस टक्के कर कापून घेतात आणि त्यातून प्रवास-हॉटेलचा खर्च वजा करता येत नाही. पॅन कार्ड सोबत हवंच. हे सगळं धरलं, की वर्षाला दोन-तीन स्पर्धा खेळून पोट भरेल असा हिशेब कुठेच बसत नाही. नोकरी सोडून ‘फुल टाइम’ व्हायचा विचार कुणी बोलून दाखवला तर मी त्याला रोखतो, आणि रोखत राहीन. फी, प्रवास, राहणं मिळून एक आकडा ठरवा, जो गेला तरी घराच्या हप्त्याला, आईच्या औषधाला धक्का लागणार नाही. तो आकडा घरी सांगा. घरात लपवून खेळणारा माणूस टेबलावर मोकळेपणाने निर्णय घेऊ शकत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. री-एंट्रीचा, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसण्याचा, निर्णयही पुण्यातच करून निघा, कारण बाद झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं.

आणि तरीही जा, एकदा तरी जा. दुसऱ्या कुठल्या खेळात पहिल्याच दिवशी देशातल्या नावाजलेल्या खेळाडूशेजारी खुर्ची मिळते? सीट सोडतीने येते. हिऱ्यांचा व्यापारी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, सगळ्यांकडे सारख्याच २५,००० चिप्स असतात.

शरीराचंही थोडं पाहा. पुण्याहून रात्रीच्या बसने निघून त्याच दुपारी खेळायला बसू नका. अंबोली किंवा चोर्ल्याचा घाट उतरून आलेलं शरीर संध्याकाळी पाचनंतर साथ सोडतं. एक दिवस आधी पोहोचा. एसी फार असतो, जॅकेट न्या. जहाजावर असेल तर पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने जायचं असतं, तिथे रांग लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आत खाणं-पिणं मुबलक असतं; दारूला हात लावू नका आणि जेवण निम्मं ठेवा. ब्रेकमध्ये मागचा हात उगाळत बसण्यापेक्षा डेकवर जाऊन पाय मोकळे करा.

दिवस संपेपर्यंत टिकलात, तर तुमच्या चिप्स मोजून, नाव लिहून, पारदर्शक पिशवीत सीलबंद करतात. आकडा स्वतः पुन्हा मोजून मगच सही करा. बाद झालात, तर समोरच्याला ‘वेल प्लेड’ म्हणा आणि उठा. नशिबाबद्दल टेबलाला काही ऐकवू नका. खोलीवर जाऊन झोपायच्या आधी तीन-चार हात वहीत लिहा: ब्लाइंड किती, कोण कुठे बसलं होतं, कुणी किती लावले, तुमच्या मनात त्या क्षणी काय होतं. शेवटचा, ज्यात बाद झालात तो हात बहुतेकदा त्यात लिहिण्यासारखा नसतो, तिथे पानांनीच निकाल लावलेला असतो. ज्या हातात तुम्हाला दोन वाटा दिसत होत्या आणि एक निवडावी लागली, ते हात लिहा, आणि पुढच्या रविवारी गटात मांडताना निकाल शेवटी सांगा. निकाल आधी कळला की कुणीच खरं मत देत नाही.